कोड तपासणाऱ्या टूलने कामाचं तेवढंच बोलावं म्हणून: सेटिंग्ज फाइलची ओळख

आमच्या टीमने कोड आपोआप तपासणारं टूल पहिल्यांदा जोडलं, तेव्हा सेटिंग्ज वगैरे कोणी बघितल्याच नव्हत्या. टूल बसवलं, चालू केलं आणि कामाला लागलो. त्यानंतरची पहिली पुल रिक्वेस्ट (म्हणजे ‘माझा हा बदल मुख्य कोडमध्ये घ्या’ अशी विनंती) एका सहकारी मुलीची होती. बदल जेमतेम तीस ओळींचा, पण टूलने त्यावर शंभराच्या वर शेरे मारले. ओळ लांब आहे, इथे एक स्पेस जास्त आहे, या फंक्शनला वर्णन नाही. त्यातले बरेचसे तर तिने हातही न लावलेल्या ओळींवर होते. आठवड्याभरात आम्हा सगळ्यांना ते शेरे न वाचताच खाली सरकायची सवय लागली. त्याच दिवसांत टूलने एक खरी चूक अगदी बरोबर दाखवली होती: डेटाबेसचं कनेक्शन उघडलं होतं, पण एका वाटेने बाहेर पडताना ते बंद होत नव्हतं. तो शेरा त्या गर्दीत कोणीच वाचला नाही. चूक पुढे गेली आणि पुढे आम्हालाच ती निस्तरावी लागली.

टूलने त्याचं काम केलं होतं. काय बघ आणि काय सोडून दे, हे आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. ते सांगायची जागा म्हणजे सेटिंग्ज फाइल. ती लिहायला अर्धा तास पुरतो, पण त्या अर्ध्या तासात काय ठरवायचं हे समजून घेतलं नाही तर चांगलं टूलही वाया जातं, असं माझं ठाम मत आहे.

आधी टूल कुठल्या जातीचं आहे ते बघू. पहिली जात लिंटरची. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी ‘लिंट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले धाग्यांचे बारीक तंतू. प्रोग्रॅम चालतो आहे, पण त्याला असं काहीतरी चिकटलंय जे झटकून टाकायला हवं, ही त्यामागची कल्पना. आजचे जावास्क्रिप्टसाठीचं ईएसलिंट, पायथॉनसाठीचं रफ, रुबीसाठीचं रुबोकॉप ही सगळी त्याच घराण्यातली. त्यांच्याकडे नियमांची यादी असते आणि तोच कोड दिला की उत्तरही तेच येतं. दुसरी जात गेल्या काही वर्षांतली, भाषा मॉडेलवर चालणारी. कोडरॅबिटसारखं टूल पुल रिक्वेस्ट वाचून माणसासारखा वाक्यांत अभिप्राय देतं. दोन्हींचा स्वभाव वेगळा असला तरी दोन्हींना दिशा देते ती रेपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड जिथे राहतो तिथे, ठेवलेली एक छोटी फाइल.

ही फाइल बहुधा रेपोच्या अगदी वरच्या फोल्डरमध्ये असते आणि बऱ्याचदा तिचं नाव टिंबाने सुरू होतं. अशा फाइली साध्या यादीत दिसत नाहीत, त्यामुळे नवीन माणसाला ती सापडतच नाही, हे लक्षात ठेवा. काही टूल्सना स्वतःची फाइल लागते. काहींना भाषेची सामाईक फाइल चालते, उदाहरणार्थ पायथॉनमधली पायप्रोजेक्ट.टॉमल. हीच सेटिंग्ज टूलच्या वेबसाइटवर क्लिक करूनही बदलता येतात, आणि सुरुवातीला ते सोपं वाटतं. तरी मी फाइलचाच आग्रह धरेन. वेबसाइटवर कोणी कधी काय बदललं ते सहसा टीमला कळत नाही. फाइलमधला प्रत्येक बदल कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, दिसतो, त्यावर चर्चा होते, मागे जाता येतं. शिवाय तीच फाइल तुमच्या लॅपटॉपवरही लागू होते आणि सीआय सर्व्हरवरही, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या सामाईक यंत्रावरही. ‘माझ्याकडे तर चालत होतं’ हा वाद बराचसा तिथेच मिटतो.

एक छोटी फाइल समोर ठेवून बोलू. खालच्या फाइलमधली नावं समजण्यासाठी मराठीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात टूलने ठरवून दिलेली इंग्रजी नावंच जशीच्या तशी लिहावी लागतात. रचना मात्र अशीच असते.

```
वगळा:
  - "बिल्ड/**"
  - "**/आपोआप_बनलेला_कोड/**"

नियम:
  पोचता_न_येणारी_ओळ: चूक
  कनेक्शन_बंद_न_करणे: चूक
  न_वापरलेलं_व्हेरिएबल: चूक
  ओळीची_लांबी: बंद        # हे फॉरमॅटर बघतो

फोल्डरनुसार:
  "टेस्ट/**":
    मोठं_फंक्शन: बंद       # टेस्टमध्ये मुद्दाम सविस्तर लिहितो
```

सगळ्यात वरचा भाग वगळण्याचा. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. रेपोमध्ये माणसाने न लिहिलेला कोड भरपूर असतो: बिल्डमधून (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवताना) बाहेर पडलेल्या फाइली, दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या, त्यांच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या लॉक फाइली, एखाद्या साच्यातून आपोआप बनलेले क्लास. त्यातली चूक कोणी हाताने दुरुस्त करणार नाही, कारण पुढच्या बिल्डला ती फाइल पुन्हा नव्याने बनणार. त्यावर शेरा मारणं म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ फुकट घालवणं.

इथे तारकांचा अर्थ नीट कळायला हवा. एक तारका म्हणजे त्याच फोल्डरमधलं कुठलंही नाव. दोन तारका म्हणजे कितीही खोलवरचे फोल्डर. ‘टेस्ट/*’ लिहिलं तर टेस्ट फोल्डरमधल्या थेट फाइली आल्या, पण ‘टेस्ट/एपीआय’ या फोल्डरच्या आतल्या फाइली राहिल्या. ‘टेस्ट/**’ लिहिलं की सगळं आलं. काही टूल्समध्ये सुरुवातीला उद्गारचिन्ह दिलं की ‘हे सोडून’ असा अर्थ होतो. कोडरॅबिटच्या फाइलमध्ये एखादा फोल्डर असाच वगळतात. पण जिथे मुळातच वगळण्याची यादी आहे, तिथे उद्गारचिन्हाचा अर्थ उलटा होतो: ‘हे मात्र परत घे’. त्यामुळे एका टूलची ओळ उचलून दुसऱ्यात टाकू नका.

आता नियम. टूलसोबत जो तयार संच येतो तो म्हणजे सर्वमान्य सत्य, असा अनेकांचा समज असतो. एकच उदाहरण देतो. फंक्शनमध्ये किती फाटे फुटतात ते मोजायचं एक माप थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलं. साधारणपणे जितके ‘जर’ आणि जितक्या लूप, तितका आकडा वाढतो. स्वतः मॅककेब यांनी १० ही मर्यादा सुचवली होती. आज हा नियम चालू केला आणि आकडा दिला नाही, तर रफ १० धरतं, ईएसलिंट २० धरतं आणि रुबोकॉप ७ धरतं. माप तेच असून तीन टूल्सचे तीन आकडे आहेत. म्हणजे हा आकडा त्या टूलच्या लेखकांचा अंदाज आहे, आणि तुमच्या कोडला कोणता योग्य ते तुम्हालाच ठरवायचंय.

तयार संचात सगळं येतं असंही नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोन आणि मॅक या दोन्हींसाठी तातडीचे अपडेट द्यावे लागले. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. पहिली ओळ तिच्या वरच्या अटीला बांधलेली होती. दुसरी दिसायला तशीच आत सरकवलेली, पण महिरपी कंस नसल्यामुळे ती कुठल्याच अटीत नव्हती. ती दर वेळी चालायची आणि कोड उडी मारून शेवटाला जायचा. समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे सहीवरून ताडून बघणाऱ्या ओळी मधेच राहून जायच्या, आणि तरीही उत्तर ‘सगळं ठीक’ असंच यायचं. जिथवर कधी पोचताच येत नाही अशा ओळी दाखवणारी वॉर्निंग क्लँग या कंपायलरमध्ये तेव्हाही होती. पण ‘सगळ्या वॉर्निंग्ज’ असा अर्थ निघणाऱ्या नेहमीच्या पर्यायात ती धरलेली नव्हती, ती वेगळी मागावी लागायची. म्हणून वरच्या नमुन्यात ‘पोचता न येणारी ओळ’ मी पहिली लिहिली. तुमच्या टूलचा तयार संच एकदा बसून वाचा, आणि त्यात काय नाही तेही बघा.

प्रत्येक नियमाला एक पातळी असते. ईएसलिंटमध्ये तीन आहेत: बंद, इशारा आणि चूक, आकड्यांत ०, १ आणि २. चूक असेल तर चेक लाल होतो आणि मर्ज, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं, अडवता येतं. इशारा नुसता दिसतो. मधली पातळी मी फक्त तात्पुरती वापरतो, म्हणजे नवा नियम आणताना दोन-तीन आठवडे इशारा आणि मग चूक. कायमचे इशारे साठत जातात. आज बारा, महिन्याने ऐंशी, आणि मग तेरावा इशारा खरोखर महत्त्वाचा होता की नाही हे कोण बघणार? नियम पाळायचा असेल तर चूक म्हणा, नसेल तर बंद करा.

दिसण्याबद्दलचे नियम तर लिंटरकडे ठेवूच नका. ओळ किती लांब असावी, कंस कुठे यावा, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, ही कामं फॉरमॅटरची. प्रेटियर, ब्लॅक, गोएफएमटी ही टूल्स कोड परस्पर नीट लावून देतात, तक्रार करत बसत नाहीत. पायथॉनच्या ‘पेप ८’ या लेखनशैलीच्या नियमावलीत ओळीची मर्यादा ७९ अक्षरांची आहे, ब्लॅक आणि रफ ८८ धरतात. यातलं बरोबर कोणतं यावर माणसांनी रिव्ह्यूमध्ये एक अक्षरही खर्च करू नये. आमच्या त्या पहिल्या शंभर शेऱ्यांपैकी बहुतेक याच प्रकारचे होते. ते बाजूला केले असते तर कनेक्शनचा शेरा दिसला असता.

जुना कोड असेल तर

खरी अडचण इथे येते. पाच-सात वर्षं जुन्या रेपोवर टूल पहिल्यांदा चालवलं की हजारो तक्रारी निघतात. सगळं दुरुस्त करून मगच टूल चालू करू असं ठरवलं, तर ते कधीच चालू होत नाही. यावर वेगवेगळ्या टूल्सनी वेगवेगळे उपाय काढलेत. रुबोकॉप एका कमांडवर दुसरी एक फाइल बनवून देतं, तिच्या नावातच ‘टूडू’ आहे. आजघडीला ज्या फाइलींत नियम मोडलाय त्या फाइलींना त्यात त्या नियमापुरती माफी असते; अशा फाइली फार असतील तर मात्र तो नियमच बंद केला जातो. नियम बंद झालेला नसेल तर नवीन फाइलमध्ये तीच चूक केल्यावर माफी नाही, आणि जुनी यादी सवडीने कमी करत जायची. गो भाषेच्या गोलांगसीआय-लिंटमध्ये अमुक कमिटनंतर बदललेल्या ओळींपुरतंच बोल, असं सांगता येतं.

शेरा कधी आणि कुठे दिसतो यावर किती फरक पडतो, याचा एक ठोस दाखला आहे. फेसबुकच्या इंजिनिअरांनी इन्फर या आपल्या टूलचा अनुभव २०१९ मध्ये मांडला. सुरुवातीला टूल रात्री सगळा कोड तपासायचं आणि सापडलेल्या चुकांची यादी इंजिनिअरांना दिली जायची. त्यातलं जवळजवळ काहीच दुरुस्त झालं नाही. मग तेच विश्लेषण त्यांनी कोड रिव्ह्यूला येतो त्या वेळी, त्या बदलावरच दाखवायला सुरुवात केली. दुरुस्तीचं प्रमाण शून्याच्या आसपास होतं, ते ७० टक्क्यांच्या वर गेलं. आपण ज्या कोडमध्ये आत्ता बुडालेलो आहोत त्यातली चूक सुधारायला दोन मिनिटं लागतात. तीन महिन्यांपूर्वीच्या कोडसाठी आधी सगळं पुन्हा आठवावं लागतं. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘फक्त बदललेल्या ओळी’ असा पर्याय असेल तर तो पहिल्याच दिवशी चालू करा.

गूगलच्या लोकांनी २०१८ मध्ये अशाच अनुभवातून एक मोजमाप सांगितलं. शेरा तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला तरी वाचणाऱ्याने त्यावर काहीच केलं नाही, तर तो त्यांच्या हिशेबी फुकटच. रिव्ह्यूमध्ये दिसणाऱ्या तपासण्यांत अशा शेऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत असावं, अशी त्यांची अट. मला हे माप फार पटतं, कारण ते टूलच्या अचूकतेपेक्षा माणसाच्या लक्षाची किंमत धरतं.

एखाद्या ठिकाणी नियम मोडणंच योग्य असतं. त्यासाठी त्या ओळीपाशीच सूट देता येते. पायथॉनमध्ये ‘नोक्यूए’ अशी टीप, ईएसलिंटमध्ये ‘पुढच्या ओळीपुरता बंद’ अशा अर्थाची टीप. इथे दोन गोष्टी पाळायच्या: सूट कुठल्या नियमाला आहे त्याचं नाव लिहायचं आणि कारण लिहायचं. नुसतं ‘नोक्यूए’ लिहिलं की त्या ओळीवरचे सगळेच नियम गप्प होतात, आणि उद्या तिथे दुसरी खरी चूक आली तरी टूल बोलणार नाही. कोड बदलल्यावर आता गरज नसलेल्या सूट शोधून देण्याची सोय रफ आणि ईएसलिंट दोन्हींत आहे. तीही चालू ठेवा.

यामलमधल्या अडखळण्याच्या जागा

अनेक टूल्सची फाइल यामलमध्ये असते, म्हणजे सेटिंग्ज साध्या मजकुरात लिहायच्या एका पद्धतीत. वाचायला सोपी, पण लिहिताना फसवी. आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. एक स्पेस कमी पडली तर ओळ दुसऱ्याच विभागाची होते, आणि फाइल तरीही ‘बरोबर’ वाचली जाते. यामलच्या १.१ आवृत्तीत येस, नो, ऑन, ऑफ हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहिले तर ते मजकूर राहत नाहीत, खरं-खोटं या किमती होतात. नॉर्वेचा देशसंकेत इंग्रजीत ‘नो’ असाच लिहिला जातो. देशांच्या यादीत तो आला की त्याचं ‘खोटं’ व्हायचं, म्हणून या अडचणीला नॉर्वेचंच नाव पडलं. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे बदललं, पण जुन्या पद्धतीने वाचणारी सॉफ्टवेअर अजून सर्रास वापरात आहेत. आवृत्तीचे आकडेही असेच. पायथॉन ३.१० असं उघडं लिहिलं तर तो दशांश अपूर्णांक समजला जातो आणि शेवटचा शून्य गळून ३.१ उरतो. संशय आला की अवतरणचिन्ह द्या, हा साधा उपाय.

याहून त्रासाची गोष्ट म्हणजे सेटिंगच्या नावात स्पेलिंग चुकणं. काही टूल्स अनोळखी नाव दिसलं की थांबतात आणि सांगतात. काही मात्र ते निमूटपणे सोडून देतात. तुम्हाला वाटतं नियम चालू आहे, प्रत्यक्षात तो कधीच लागलेला नसतो. म्हणून फाइल लिहून झाली की एक चाचणी करायचीच: वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, काढायची, त्यात नियम मोडणारी एक ओळ मुद्दाम लिहायची आणि टूल बोलतंय का ते बघायचं. वगळलेल्या फोल्डरमध्येही तीच ओळ टाकायची आणि टूल गप्प राहतंय ना हे बघायचं.

फोल्डरनुसार वेगळी सेटिंग्ज असतील तर कोणाचा शब्द शेवटचा, हे टूलच्या माहितीत वाचून घ्या. ईएसलिंटच्या जुन्या पद्धतीत टूल प्रत्येक फाइलपासून वरवर जात वाटेतल्या सगळ्या सेटिंग्ज एकत्र करायचं. नियम नेमका कुठून आला हे शोधणं जिकिरीचं व्हायचं. एप्रिल २०२४ मधल्या नवव्या आवृत्तीपासून त्यांनी एकाच फाइलची नवी पद्धत मुख्य केली. रफ फाइलला सगळ्यात जवळचं सेटिंग घेतं आणि वरचं आपणहून त्यात मिसळत नाही. आतल्या फोल्डरमध्ये दोन ओळींची फाइल ठेवून ‘बाकीचं वरून येईल’ असं धरून चालणारे इथेच फसतात. वरचं हवं असेल तर तसं फाइलमध्ये लिहावं लागतं.

भाषा मॉडेलवर चालणाऱ्या टूलला सांगताना

इथे नियमांऐवजी सूचना साध्या वाक्यांत लिहायच्या असतात. कोडरॅबिटमध्ये प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी सूचना देता येते, आणि एकूण सूर सौम्य ठेवायचा की काटेकोर हेही निवडता येतं. ‘कोड चांगला आहे का बघ’ अशी सूचना लिहिली तर ढोबळ कौतुक आणि ढोबळ सल्ले मिळतात. ‘या फोल्डरमध्ये पैशांच्या रकमा आहेत. रकमेसाठी फ्लोट हा अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार वापरला असेल तर दाखव. नावांबद्दल काही बोलू नकोस.’ अशी सूचना लिहिली की उत्तर नेमकं येतं. काय बोलू नये हे लिहिणं इथे निम्मं काम आहे. अर्धवट, ड्राफ्ट अवस्थेतल्या पुल रिक्वेस्टवर टूलने बोलावं का, तेही ठरवता येतं. मी ते बंद ठेवतो, माणूस अजून विचार करतोय तेव्हा त्याला विचार करू द्यावा. या टूलचं उत्तर दर वेळी तंतोतंत सारखं येत नाही, म्हणून केवळ त्याच्या मतावर मर्ज अडवू नये. अडवायचं काम लिंटरचं आणि टेस्टचं.

राहिला प्रश्न ही फाइल बदलण्याचा अधिकार कोणाचा. अनेक टूल्स त्याच पुल रिक्वेस्टच्या ब्रँचमधली फाइल वाचतात. म्हणजे चेक लाल झाला की त्याच रिक्वेस्टमध्ये नियम बंद करून तो हिरवा करता येतो. बहुतेकदा हे घाईत होतं, वाईट हेतूने नाही, पण नियम कायमचा जातो. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर कोडओनर्स नावाच्या फाइलमध्ये या सेटिंग्ज फाइलसाठी एक-दोन नावं लिहून ठेवता येतात. मुख्य ब्रँचच्या संरक्षणात त्यांची मंजुरी सक्तीची केली की त्यांच्या होकाराशिवाय बदल मर्ज होत नाही. कोडओनर्स फाइललाही त्याच यादीत घाला, नाहीतर कुलूप लावून किल्ली तिथेच ठेवल्यासारखं होईल. सेटिंग्जमधला बदल नेहमी वेगळ्या रिक्वेस्टमध्ये करा. टूलची आवृत्तीही फाइलमध्ये नक्की करून ठेवा, कारण नवी आवृत्ती नवे नियम घेऊन येते आणि काल हिरवा असलेला कोड आज अचानक लाल दिसतो. ती वाढवायची तेव्हा एका रिक्वेस्टमध्ये फक्त तेवढंच करा, म्हणजे आलेले नवे शेरे आवृत्तीमुळे आलेत की कोडमुळे हे लगेच कळतं.